धावत्या मोटारीतला कॅमेरा

जुने बोलपट आवडीने पाहणाऱ्या घरात एक गोष्ट लहान मुलांच्याही नजरेतून सुटत नाही. नायक मोटार हाकीत असतो, हातातले चाक डावी-उजवीकडे गरगरा फिरवीत असतो आणि त्याच्या पाठीमागच्या काचेतून दिसणारा रस्ता मात्र रेघेसारखा सरळ पळत असतो. "याची गाडी झाडावर कशी आदळत नाही?" असे एखादे पोर विचारते आणि सगळे हसतात. मीही पुष्कळदा हसलो आहे. परंतु या खोट्या रस्त्याचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा कॅमेरा कोठे बसवायचा या साध्या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न दडलेला दिसला. चित्रासाठी जीव धोक्यात घालायचा तो कुणाचा?

मूकपटाच्या काळात याचे उत्तर सोपे होते. छायालेखकाचा! तिपाईसकट तो उघड्या मोटारीत चढे आणि हाताने दांडा फिरवीत राही. झिगा व्हेर्तोव्हच्या १९२९ सालच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' या सोव्हिएत चित्रपटात त्याचा भाऊ मिखाईल काउफमान धावत्या मोटारीत उभा राहून शेजारच्या घोडागाडीचे चित्रण करताना दिसतो. धरायला आधार म्हणाल तर कॅमेऱ्याचाच.

चित्रपट बोलू लागला आणि हे स्वातंत्र्य संपले. इंजिनाच्या आवाजात संवाद बुडू लागले. कॅमेऱ्याची घरघर कोंडण्यासाठी त्यावर जाड आवरण चढवावे लागले, त्यामुळे तो हलवणे म्हणजे तिजोरी हलवण्यासारखे झाले. मग रस्त्यावर जाण्यापेक्षा रस्ताच स्टुडिओत आणण्याची युक्ती निघाली. मोटार जागच्या जागी उभी, तिच्यामागे अर्धपारदर्शक पडदा आणि पडद्याच्या पलीकडून आधी टिपलेल्या रस्त्याचा झोत. प्रोजेक्टरची आणि कॅमेऱ्याची झडप एकाच क्षणी उघडावी लागे, नाहीतर चित्र लुकलुके. पॅरामाउंट कंपनीचे फार्सिओ एडुआर्ट यांनी या कामात मोठे नाव मिळवले. आपण त्या रस्त्याला हसतो खरे, पण त्या युक्तीने कुणाचे हाडही मोडले नाही, हे तिच्या पदरी घालायला हवे.

या सुरक्षित खोटेपणाला कंटाळलेल्यांत जोसेफ लुईस हा दिग्दर्शक होता. त्याच्या 'गन क्रेझी' (१९५०) या स्वस्तातल्या चित्रपटात बँकेवरच्या दरोड्याचा प्रसंग आहे. लुईसने एक लांबलचक कॅडिलॅक घेतली आणि पुढची बैठक सोडून मागचे सारे काढून टाकले. त्या जागी एक फळी टाकली, फळीला ग्रीस चोपडले आणि तिच्यावर शर्यतीच्या घोड्याचे खोगीर ठेवले. खोगिरावर कॅमेरावाला! ढकलले की तो पुढे सरके, ओढले की मागे. घोड्याचे खोगीर मोटारीत नेण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. साडेतीन मिनिटांच्या आसपासचा हा प्रसंग एका दमात, कॅलिफोर्नियातल्या माँट्रोज गावच्या खऱ्या रस्त्यावर टिपला गेला. गाडी लावायला जागा मिळेल की नाही ही नटांची चिंता अभिनय नव्हती, आणि त्यांचे बोलणेही ऐनवेळचे होते. कॅमेरा बँकेत पाऊलही टाकत नाही. तो गाडीतच थांबतो, आणि त्याच्याबरोबर आपणही दाराकडे डोळे लावून बसतो. मागच्या बैठकीवरून हा दरोडा जितका अंगावर येतो, तितका रस्त्यापलीकडे तिपाई मांडून आला नसता.

पुढे कॅमेरे हलके झाले आणि मोटारीच्या बाहेर लटकू लागले. १९६६ च्या 'ग्रां प्री'साठी जॉन फ्रँकनहायमरने ते शर्यतीच्या गाड्यांवरच बसवले. ज्या गाडीतून इतर गाड्यांचे चित्रण व्हायचे, ती चालवायला १९६१ चा जगज्जेता फिल हिल होता! कॅमेरा जमिनीलगत आणि भिंग रुंद असले, की रस्ता पायाखालून ओढून घेतल्यासारखा पळतो, आणि हादरेही कमी जाणवतात. बंपरवरचे चित्र म्हणूनच अंगावर धावून येते. बॉनेटवरून काचेआडचा चेहरा मिळतो, पण मधे झाडांची प्रतिबिंबे येतात. दारावरच्या चौकटीवरून नट अगदी जवळ येतो, पण गाडीची रुंदी वाढते, हे चालवणाऱ्याने विसरून भागत नाही.

१९७१ च्या 'द फ्रेंच कनेक्शन'मध्ये मात्र धोक्याची वाटणी बदलली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेखाली, बिल हिकमन मोटार पिटाळत होता. मागे कॅमेरा घेऊन दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन स्वतः बसला, कारण इतर कॅमेरावाले बायकामुलांचे धनी होते आणि हा सडा. हे शौर्य मला मान्य आहे. परंतु रस्त्यावरच्या माणसांचे काय? त्यांना कुणी विचारले नव्हते. पुढे फ्रीडकिननेही कबूल केले, की असे पुन्हा करणार नाही.

क्लोद ललूशने १९७६ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्याही पुढची मजल मारली. पहाटेच्या वेळी, परवानगी न घेता, बंपरवर कॅमेरा बांधून त्याने गाडी मोंमार्त्रच्या टेकडीपर्यंत भरधाव नेली. लाल दिवेही जुमानले नाहीत. गाडी होती मर्सिडीज, कारण तिची चाल मऊ. कानी पडतो तो फेरारीचा आवाज मागाहून जोडलेला. सुमारे साडेआठ मिनिटांचे हे चित्र मी श्वास रोखून पाहिले आहे, आणि दर वेळी कबुतरे उडतात तेव्हा त्यांच्या जागी एखादी म्हातारी असती तर, हा विचार येऊन मन खट्टू झाले आहे.

त्यानंतरची सुधारणा मुख्यतः माणसाला कॅमेऱ्यापासून दूर नेण्याची आहे. कीव्हच्या अनातोली कोकुश यांनी मोटारीच्या टपावर यारीचा लांब हात बसवला. चालवणारा आत बसून पडद्यावर पाहतो आणि बाहेरचा कॅमेरा हादरे न खाता वळतो. २००६ साली ऑस्करच्या अकादमीने त्यांना दोन तांत्रिक पुरस्कार दिले. अलीकडे तर पडद्याऐवजी दिव्यांच्या भिंती आल्या आहेत, म्हणजे रस्ता पुन्हा स्टुडिओत आला.

माझे आवडते दृश्य या दोन टोकांच्या मधले आहे. 'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६) मध्ये पाच माणसे मोटारीत बसून गप्पा मारीत असतात आणि अचानक हल्ला होतो. कॅमेरा त्यांच्यामध्ये गोल फिरतो, कुणाच्याही डोक्याला न लागता. ही करामत अशी, की गाडीच्या बैठका कलणाऱ्या होत्या. कॅमेरा आला की नट बैठकीसकट खाली जाई, तो गेला की पुन्हा वर येऊन संवाद बोले. पुढची काचही बाजूला होई. छायालेखक लुबेझ्की आणि आणखी तिघे टपावर बसले होते. प्रसंग अखंड भासतो, पण तो वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेल्या तुकड्यांचा आहे, संगणकाने सांधलेला. सांधे शोधायला मी तो चार वेळा पाहिला. चारही वेळा हल्ला सुरू झाला आणि सांधे शोधायचे राहून गेले.