साबणाच्या पुंजक्यापासून दांडा-वेटोळे रेणूंपर्यंत

एका टोकाला पाण्याची ओढ आणि दुसऱ्याला पाण्याचे वावडे, अशा रेणूला उभयस्नेही म्हणतात. साबण हा त्यांतला घरोघरचा. असे रेणू पाण्यात आपले आपण जुळून येतात, हे प्रथम ध्यानात आले ते एक हिशेब जुळेना म्हणून.

इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात जेम्स मॅकबेन साबणाची द्रावणे तपासत होते. द्रावणातून वीज चांगली वाहत होती. म्हणजे भारित कण भरपूर असायला हवे होते. बाष्पदाबातील घट मोजली, तर मात्र कण फारच थोडे भरत. १९१३ साली मॅकबेन यांनी तोड सुचवली: साबणाचे अनेक आयन एकत्र येऊन एक मोठा भारित पुंजका होतो, आणि तोच वीज वाहून नेतो. या पुंजक्याला पुढे मायसेल हे नाव रूढ झाले. सारख्या भाराचे आयन एकमेकांना दूर लोटायचे सोडून एकत्र येतात, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. हेच मॅकबेन स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

रसायनशास्त्रज्ञ हार्टली यांनी १९३६ मध्ये मायसेलचे गोलाकार चित्र मांडले: पाण्याचे वावडे असलेल्या शेपट्या आत, पाण्याची ओढ असलेली डोकी बाहेर. पण गोलच का? १९७६ मध्ये इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी त्याचे सूत्र दिले. शेपटीच्या आकारमानाला डोक्याने व्यापलेले क्षेत्रफळ आणि शेपटीची लांबी यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर एक तृतीयांशाहून कमी आले तर गोल, एक द्वितीयांशापर्यंत लांबट दंडगोल आणि त्यापुढे एकपर्यंत पडदे किंवा पोकळ पिशव्या. उभयस्नेही रेणूंच्या घराण्याची खरी किल्ली हे सूत्रच आहे.

साबणाची शेपटी लवचिक असते. तिच्या जागी ताठ दांडा बसवला, की रॉड-कॉइल म्हणजे दांडा-वेटोळे रेणू तयार होतो. बेंझीनच्या कड्या एका रांगेत जोडल्या की दांडा होतो. वेटोळे बहुधा पॉलिइथिलीन ऑक्साइडसारख्या जलस्नेही साखळीचे असते. दांड्यांना शेजारी-शेजारी, समांतर पडून राहायचे असते. वेटोळ्यांना मात्र ऐसपैस जागा लागते. आखूड वेटोळे ही ओढाताण सोसते आणि सपाट थर टिकतात. वेटोळे लांबवत नेले, की त्यांची दाटी थरांना वाकवते: आधी जाळीदार रचना, मग खांब, शेवटी गोळे. दक्षिण कोरियात म्योंगसू ली यांच्या गटाने हा क्रम बारकाईने नोंदवला.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सॅम्युएल स्टप यांच्या गटाने १९९७ मध्ये अशाच रेणूंपासून अळंबीच्या आकाराचे नॅनोपुंजके घडवले. ते सगळे एकाच दिशेला तोंड करून थरावर थर रचले गेले आणि शंभर किंवा अधिक थरांचा पापुद्रा तयार झाला. त्याची एक बाजू जलस्नेही आणि चिकट होती, दुसरी जलद्वेषी आणि न चिकटणारी.