कुत्र्यांची केसगळती आणि त्वचेची ॲलर्जी : नैसर्गिक उपायांचा लाभ आणि मर्यादा

कोलकात्यात जूनच्या मध्यास मोसमी पावसाला प्रारंभ होतो आणि सप्टेंबर अखेरपर्यंत शहराची हवा ओलसर राहते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्याही वर जाते. वर्षाकाठी दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या महानगरात पाळीव कुत्र्यांच्या त्वचाविकारांना हा काळ विशेष अनुकूल ठरतो. घरभर पडलेले केस, रात्रभर चालणारे खाजवणे, लाल झालेले पंजे आणि कानांना येणारा कुबट वास या तक्रारी बहुतेक श्वानपालकांच्या परिचयाच्या आहेत. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीतील स्थितीही याहून फारशी वेगळी नाही.

अशा वेळी औषधांच्या दुष्परिणामांची धास्ती आणि उपचारांचा खर्च यांमुळे अनेक कुटुंबे कडुनिंब, हळद, खोबरेल तेल अशा घरगुती उपायांकडे वळतात. यांतील काही उपाय उपयुक्त आहेत, काही निरुपद्रवी, तर काही थेट घातक आहेत. त्यांतील भेद जाणून घेणे अगत्याचे आहे. चुकीच्या उपायात गेलेले काही आठवडे साध्या खाजेचे रूपांतर खोल जखमांमध्ये करू शकतात.

केस गळणे केव्हा स्वाभाविक?

कुत्र्याचा प्रत्येक केस वाढ, संक्रमण आणि विश्रांती या अवस्थांतून जातो व अखेरीस गळून पडतो. शीत प्रदेशात दिवसाच्या लांबीतील बदलानुसार वसंत आणि शरद ऋतूंत मोठ्या प्रमाणावर केस गळतात. उष्ण प्रदेशात आणि घरातील विजेच्या प्रकाशात राहणाऱ्या कुत्र्यांची केसगळती मात्र बहुधा वर्षभर थोडीथोडी चालू राहते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड आणि स्पिट्झ यांच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. त्यामुळे त्यांचे केस अधिक गळतात व तो आजार मानला जात नाही.

अंगावर टक्कल पडणे, केसगळती शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखीच दिसणे, त्वचा लाल, काळी वा जाड होणे, कोंडा, दुर्गंधी, पुटकुळ्या किंवा सततची खाज ही लक्षणे मात्र विकाराची आहेत. खाज नसताना केस विरळ होत असतील आणि कुत्रा सुस्त होऊन त्याचे वजन वाढत असेल, तर थायरॉइड ग्रंथीच्या कार्यातील बिघाडाची शक्यता तपासावी लागते. हे निदान रक्तचाचणीनेच होते. कोणतेही तेल वा लेप त्यावर परिणाम करू शकत नाही.

खाजेची प्रमुख कारणे

पिसवांची ॲलर्जी हे सर्वत्र आढळणारे कारण आहे. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला पिसवांचे मोजके दंशही पुरेसे होतात, कारण त्याची प्रतिक्रिया पिसवेच्या लाळेवर असते. पाठीचा मागील भाग, शेपटीचे मूळ आणि मांड्या येथे खाज व केसगळती दिसते. प्रौढ पिसवा कुत्र्याच्या अंगावर राहतात. अंडी, अळ्या आणि कोश मात्र गालिचे, चटया व फरशीच्या फटींत वाढतात. उष्ण व दमट हवेत हे जीवनचक्र दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होऊ शकते.

दुसरे कारण वातावरणातील घटकांची ॲलर्जी हे आहे. घरातील धुळीतील सूक्ष्म किडे, बुरशीचे बीजाणू आणि परागकण हे त्यातील मुख्य घटक होत. दमट हवा धुळीतील किड्यांच्या वाढीस पोषक असते. हा विकार सामान्यतः वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत प्रकट होतो. पंजे, चेहरा, कान, काखा आणि पोट यांवर त्याचा प्रभाव दिसतो. तो पूर्णतः बरा होत नाही, परंतु नियंत्रणात ठेवता येतो.

तिसरे कारण अन्नाची ॲलर्जी. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडीचे मांस आणि गहू यांची ॲलर्जी तुलनेने अधिक नोंदली गेली आहे. ही खाज ऋतुमानानुसार बदलत नाही आणि काही कुत्र्यांत तिच्या जोडीला पोटाच्या तक्रारीही असतात.

याखेरीज खरूज, गजकर्ण, यीस्टची वाढ आणि जिवाणूंचा संसर्ग यांची लक्षणेही ॲलर्जीसारखीच भासतात. त्यांपैकी खरजेचा एक प्रकार आणि गजकर्ण हे माणसांनाही होऊ शकतात. घरातील व्यक्तींच्या अंगावरही खाज वा चट्टे उठले असतील, तर ही बाब पशुवैद्यकांना अवश्य सांगावी. त्वचेचा खरवड आणि केसांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी यांतून बऱ्याच शंकांचे निरसन होते.

देशी औषधी आणि कोलकात्याची परंपरा

वनस्पतिजन्य औषधांची शास्त्रीय कसोटी लावण्याच्या कार्यात कोलकात्याचे स्थान महत्त्वाचे आहे. येथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी १९२० च्या दशकापासून देशी औषधींचा पद्धतशीर अभ्यास केला. भारतातील देशी औषधींवरील त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. परंपरेने चालत आलेल्या प्रत्येक औषधीचे घटक, मात्रा आणि परिणाम तपासूनच तिचा स्वीकार करावा, ही त्यामागील दृष्टी होती. प्राण्यांच्या बाबतीतही हीच कसोटी लागू पडते.

पशुवैद्यकाच्या क्षेत्रातही या शहराला दीर्घ वारसा आहे. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी कोलकात्यात १८६१ मध्ये संस्था स्थापन झाली. बेलगाछिया येथे १८९३ मध्ये बंगाल पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १९९५ मध्ये स्थापन झालेले पश्चिम बंगाल पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ याच परंपरेतून पुढे आले. महाराष्ट्रात परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे.

उपयुक्त ठरणारे उपाय

स्नान आणि विंचरणे : ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा कोमट वा थंड पाण्याने स्नान घातल्यास त्वचेवरील परागकण, धूळ व यीस्ट यांचे प्रमाण घटते. माणसांचा साबण वा शाम्पू टाळावा. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्वचा त्या मानाने उदासीनतेकडे झुकणारी आणि अधिक पातळ असते. स्नानानंतर अंग पूर्ण कोरडे करणे हा पावसाळ्यातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. बोटांच्या बेचक्या, काखा, कान आणि त्वचेच्या घड्या ओल्या राहिल्यास यीस्टची वाढ होते. रोज विंचरल्याने मृत केस निघतात, त्वचेतील नैसर्गिक तेल सर्वत्र पसरते आणि पिसवा व गोचीड वेळीच दृष्टीस पडतात.

ओटचे पीठ : अतिशय बारीक दळलेले साधे ओट कोमट पाण्यात मिसळून दहा मिनिटे अंगावर ठेवल्यास खाज तात्पुरती शमते. हा सौम्य आणि सुरक्षित उपाय आहे. त्यात साखर वा स्वाद मिसळलेला नसावा. नंतर अंग स्वच्छ धुवावे.

माशांचे तेल : माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले दाह कमी करतात, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यांच्या नियमित वापराने काही कुत्र्यांत स्टेरॉइडची आवश्यक मात्रा घटते. परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. अतिरेकाने जुलाब होतात, म्हणून वजनानुसार मात्रा पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावी. बंगालमधील हिलसा, कोकणातील बांगडा आणि तारली हे तेलकट मासे आहेत. शिजवून, सर्व काटे काढून ते अल्प प्रमाणात देता येतात. हिलशाचे बारीक काटे घशात अडकण्याचा धोका मोठा असल्याने तो टाळलेलाच बरा. जवसाच्या तेलातील ओमेगा-३ चे उपयुक्त स्वरूपात रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फार थोडे होते, त्यामुळे ते माशांच्या तेलाची जागा घेऊ शकत नाही.

खोबरेल तेल : कोरड्या, न चिघळलेल्या त्वचेवर पातळ थर लावल्यास कोरडेपणा कमी होतो. दमट हवेत जाड थर लावल्यास मात्र ओलावा व धूळ अडकून राहते. पोटात अधिक गेल्यास जुलाब होतात आणि स्वादुपिंडाचा पूर्वीचा विकार असलेल्या कुत्र्यास त्यातील मेद बाधू शकतो.

कडुनिंब आणि हळद : कडुनिंबाच्या पानांच्या उकळून गार केलेल्या पाण्याने अंग धुणे सौम्य आहे, पण पिसवांचा पूर्ण बंदोबस्त त्यावर अवलंबून ठेवू नये. कडुनिंबाचे शुद्ध तेल तीव्र असते. ते न पातळ करता लावणे वा पाजणे धोक्याचे आहे. हळदीतील कर्क्युमिनमध्ये दाहशामक गुण आहेत, तथापि ते आतड्यांतून फार कमी शोषले जाते. त्यामुळे हळद ही उपचाराची जागा घेत नाही.

आहाराची कसोटी

अन्नाच्या ॲलर्जीची खात्री करण्याचा विश्वसनीय मार्ग म्हणजे वर्ज्य आहाराची चाचणी. यात किमान आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ दिला जातो. उदाहरणार्थ, आजवर कोंबडी-भातावर वाढलेल्या कुत्र्यास काटे काढलेला मासा आणि बटाटा देता येईल. या काळात बिस्किटे, दूध, पोळीचा तुकडा, पाहुण्यांनी दिलेला घास असे काहीही देता कामा नये. खाज कमी झाल्यास जुना आहार पुन्हा सुरू करून पाहावा. खाज परतली तरच निदान पक्के होते.

केवळ मांस व भात हा आहार दीर्घकाळ पुरेसा नसतो. त्यात कॅल्शियमची उणीव राहते आणि जस्त व आवश्यक मेदही कमी पडू शकतात. जस्ताच्या अभावाने त्वचा खवलेदार होते व केस गळतात. अंडे द्यायचे असल्यास शिजवून द्यावे. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागातील एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व शरीरास मिळू देत नाही.

काय टाळावे?

रॉकेल, जळके इंजिन ऑइल आणि फिनाईल यांचा खरजेवर वापर आजही आढळतो. कुत्रा अंग चाटतो, तसेच ही द्रव्ये त्वचेतूनही शोषली जातात. त्यामुळे भाजणे, विषबाधा आणि मृत्यूही ओढवू शकतो. टी-ट्री तेल अल्प प्रमाणातही कुत्र्यांना विषारी ठरू शकते. कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात, म्हणून पिसवांसाठी लसूण खाऊ घालण्याचा सल्ला मानू नये. जस्तयुक्त मलमे चाटल्यास विषबाधा होते. कोरफडीच्या पानातील पिवळसर चीक पोटात गेल्यास जुलाब होतात.

औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली माणसांची मलमे आणून लावणे हेही तितकेच अयोग्य आहे. त्यामुळे लक्षणे झाकली जातात, निदान अवघड होते आणि त्वचा विरळ होते. आयव्हरमेक्टिनची इंजेक्शने स्वतःहून देऊ नयेत. कोली आणि तत्सम जातींत जनुकीय कारणाने हे औषध मेंदूत शिरून प्राणघातक ठरू शकते.

उन्हाळ्यात दुहेरी थराचे केस मुळापासून कापणेही टाळावे. हे केस उन्हापासून संरक्षण देतात आणि कापल्यावर काही कुत्र्यांत ते नीट वाढत नाहीत.

जात निवडताना

सैबेरियन हस्कीसारख्या शीत प्रदेशातील जाती कोलकात्याच्या दमट उष्म्यात सतत त्रास सोसतात. व्यापारी प्रजननासाठी कुत्र्यांच्या आयातीवर केंद्र सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले. तरीही अशा जातींची पिल्ले विकत घेण्याचा मोह कायम आहे. पुढे त्वचाविकार बळावला की त्यांपैकी काही कुत्री रस्त्यावर सोडली जातात. आखूड केसांची देशी कुत्री या हवामानास पिढ्यानपिढ्या सरावलेली आहेत. ती त्वचारोगांपासून पूर्ण मुक्त नसली, तरी त्यांची निगा राखणे तुलनेने सोपे असते.

पशुवैद्यकांकडे केव्हा जावे?

त्वचेतून पू वा रक्त येणे, दुर्गंधी, कान दुखणे, ताप, अन्नावरील वासना उडणे, झपाट्याने पसरणारे टक्कल किंवा दोन आठवड्यांच्या घरगुती काळजीनंतरही न थांबणारी खाज यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये. चेहऱ्यावर अचानक सूज व श्वासास अडथळा ही तातडीची अवस्था होय. पिसवा व गोचिडांवर पशुवैद्यकांनी सुचविलेले औषध वापरताना अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुणे, फरशीच्या फटी स्वच्छ करणे आणि घरातील सर्व पाळीव प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करणे आवश्यक असते. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनयुक्त औषधे मांजरांना प्राणघातक ठरतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

निदान झाल्यानंतर स्नान, योग्य आहार, माशांचे तेल आणि घराची स्वच्छता यांची जोड औषधोपचारास दिल्यास औषधांची गरज कमी होण्यास मदत होते. खाज केव्हा वाढली, कोणता पदार्थ दिला, हवा कशी होती, यांची साधी नोंद वहीत ठेवल्यास पशुवैद्यकांचेही काम सुकर होते. आपल्या वेदनेचे कारण कुत्र्यास सांगता येत नाही, म्हणून ते शोधण्याची जबाबदारी त्याच्या पालकांवर येते.