शास्त्राबाहेरचा रोगी

गेल्या कार्तिकांत आमच्या घरच्या कुत्र्याचा डावा कान दुखूं लागला. वेताळ टेकडीवरून फिरून आल्या दिवसापासून तो मान एका बाजूस कलती ठेवी, पंजानें कान ओरबाडी, आणि कोणीं हात जवळ नेला कीं दांत दाखवी. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "अहो, कडुनिंबाचें तेल घाला, दुसरें कांहीं नको." काष्ठौषधीच्या दुकानदारानें करंजाचें तेल काढून दिलें. एका स्नेह्यांनीं कानफुटीचा रस सुचविला. तिघेही जुन्या अनुभवाचा हवाला देत होते. आम्हीं आठ दिवस कडुनिंबाचें तेल घातलें. त्याचा परिणाम काय झाला तें शेवटीं सांगेन; परंतु त्या आठ दिवसांत एका प्रश्नानें मनांत घर केलें. हे उपाय मुळांत कोणाच्या कानासाठीं सांगितलेले? कुत्र्याच्या कानाची चिकित्सा आपल्या परंपरेंत आहे तरी कोठें?

आपल्या वाङ्मयांत कुत्र्यास जागा नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. ऋग्वेदांतील सरमा ही देवांची दूती. तिच्यावरूनच कुत्र्यास सारमेय हें नांव मिळालें. महाभारताच्या आरंभींच जनमेजयाच्या सत्रांत निरपराध सारमेयास मार बसतो व सरमा राजास जाब विचारते. आणि शेवटीं महाप्रस्थानांत धर्मराजाबरोबर जो उरतो, तोही श्वानच. दत्तात्रेयाच्या पायांशीं कुत्रीं आहेत, जेजुरीच्या खंडोबाजवळही कुत्रा आहे. शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्यानें त्यांस वाघापासून वांचविलें, म्हणून त्यास पालखीचा मान मिळाला, असें सांगतात; साताऱ्याजवळ माहुलीस त्याची समाधि आहे. मान, कथा, समाधि, सारें कांहीं मिळालें. परंतु त्याचा कान वाहूं लागला तर काय करावें, हें मात्र कोणी लिहून ठेविलेलें आढळत नाहीं.

ही उणीव पशुवैद्यकाच्या अभावामुळें नव्हे. घोड्यांच्या वैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नांवानें चालत आली. हत्तींसाठीं पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' आहे. अंगदेशच्या रोमपाद राजास केलेल्या उपदेशाच्या रूपानें रचलेला हा प्रचंड ग्रंथ 1894 सालीं आमच्या पुण्यांतच आनंदाश्रम संस्थेनें छापला. कुत्र्याचें मात्र तसें नाहीं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त 'सारमेयविनोद' असा एक भाग आहे. पण नांवाप्रमाणेंच तो राजाच्या करमणुकीचा, शिकारी कुत्र्यांचा विषय. सुश्रुताच्या कल्पस्थानांत कुत्रा येतो, तो पिसाळलेला होऊन, माणसास चावणारा म्हणून येतो. म्हणजे तेथें तो रोगाचें कारण आहे, रोगी नाहीं.

याचें कारण उघड आहे. हत्ती व घोडा यांवर राज्य चालत असे; गाय-बैलावर शेत. जुन्या अठरा कारखान्यांत पीलखाना आहे, उष्टरखाना आहे. कुत्र्यास स्वतंत्र खाना नाहीं, त्याची सोय फार तर शिकारखान्यांत. परकी राज्य आलें तरी हा क्रम बदलला नाहीं. 1862 सालीं पुण्यांत लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली, ती फौजेच्या घोड्यांकरितां. 1889 सालीं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. 1893 मध्यें ती मुक्तेश्वरास गेली, व आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचें मूळ तीच. तिच्यापुढचा मुख्य प्रश्न होता गुरांचा बुळकांड्या. ज्याच्या मरणानें खजिन्यास तोटा, त्याचें वैद्यक आधीं, हा न्याय सर्वत्र दिसतो. जुन्या रोमांत कोलुमेल्ला या शेतीविषयक ग्रंथकारानें कुत्र्याच्या कानाची आठवण ठेविली, याचें कारणही तेंच: तेथें कुत्रा शेताचा राखणदार होता. माशांनीं उन्हाळ्यांत कुत्र्यांचे कान कुरतडूं नयेत म्हणून कडू बदाम वाटून लावावेत, असें त्यानें सांगितलें आहे.

मग आमच्याकडे कडुनिंब, करंज, कानफुटी हे उपाय कुत्र्याच्या कानांत आले कोठून? माझ्या समजुतीप्रमाणें दोन वाटांनीं. एक वाट गोठ्यांतून व मेंढवाड्यांतून आली. गुरांच्या जखमेंत किडे पडले कीं सीताफळाचा पाला वाटून भरणें, खरजेस करंजाचें तेल चोळणें, हें देशावरच्या धनगरांस व शेतकऱ्यांस ठाऊक होतें. मेंढरांचा उपाय मेंढरें राखणाऱ्या कुत्र्यास लागूं झाला तर नवल नाहीं. दुसरी वाट माणसाच्या कानाची. कानफुटी हें नांवच पाहा: ही वेल कान फोडणारी नव्हे, फुटलेल्या, वाहणाऱ्या कानावर तिचा रस घालीत, म्हणून लोकांनीं तिला हें नांव दिलें. रुईचें पिकलेलें पान तूप लावून शेकावें व त्याचा रस दुखऱ्या कानांत पिळावा, हा शार्ङ्गधरांतला उपाय कालपरवांपर्यंत घरोघर चालत असे. माणसाचें औषध उरलें, तें दारच्या कुत्र्यास मिळालें.

या वनस्पतींत गुण नाहीं, असें माझें म्हणणें नाहीं. 1942 सालीं सलीमुज्जमान सिद्दिकी यांनीं कडुनिंबाच्या तेलांतून निंबिन हें द्रव्य वेगळें काढलें. तेव्हांपासून या झाडाचे कीटकनाशक गुण प्रयोगशाळांतून तपासले गेले आहेत. दोष औषधाचा नाहीं. रोगी न पाहतां औषध घालण्याचा आहे. माणसाच्या कानाची नळी आंखूड व बहुतेक सरळ असते. कुत्र्याची नळी प्रथम खालीं उतरते व मग काटकोनांत आंत वळते. पडदा त्या वळणापलीकडे. त्यामुळें मळ व ओल तेथें सांचते, आणि वरून ओतलेलें औषध मळावरच थबकतें. शिवाय कान वाहण्याचीं कारणें अनेक: कधीं कानांतील बारीक किडे, कधीं यीस्ट, कधीं जंतु, कधीं त्वचेचाच दोष, कधीं आंत अडकलेलें कुसळ. किड्यांवर तेल उपयोगी पडेल. पण पडदा फाटला असेल तर तेंच तेल मध्यकर्णांत उतरून जनावराचा तोल व श्रवण दोन्ही बिघडवूं शकतें. म्हणून आजचा पशुवैद्य आधीं यंत्रानें कान आंतपर्यंत पाहतो, स्राव सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवतो, आणि मग औषध ठरवितो.

ही केवळ पश्चिमेची शिस्त, असें मात्र कोणी समजूं नये. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग वेगवेगळे सांगितले. वाहणाऱ्या, दुर्गंधी सुटलेल्या व कृमि पडलेल्या कानासाठीं त्यानें पुसणें, धुणें, धुरी देणें व औषध भरणें असे उपाय दिले. धुण्यास बाहवा किंवा तुळस ज्यांत आहे त्या गणांचा काढा, दुर्गंधीस गुग्गुळाची धुरी. परंतु याबरोबरच एक अट घातली: हे उपाय पुन्हां पुन्हां पाहून योजावेत. आम्हीं वारसा म्हणून तेल तेवढें उचललें आणि ही अट ग्रंथांतच ठेवून दिली. घरगुती औषधाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं व त्याची थट्टा करणाऱ्यांनीं, दोघांनींही हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां आमच्या कुत्र्याचें सांगून संपवितों. नवव्या दिवशीं पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं त्यास गुंगी देऊन कान धुतला आणि चिमट्यानें आंतून एक कुसळ बाहेर काढलें. पावसाळ्यानंतर आपल्या टेकड्यांवर कुसळी गवत पिकतें, त्याचें तें अणकुचीदार टोंक. पडद्यास छिद्र पडलें होतें व आम्हीं मोठ्या श्रद्धेनें घातलेलें तेल त्यांतून आंत गेलें होतें. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ पाहण्याविषयीं आपली एक म्हण आहे. आम्हांस स्वतःच्या दारच्या मुक्या प्राण्याच्या कानांतलें कुसळ दिसलें नाहीं, कारण आम्हीं पाहिलेंच नव्हतें. जखम आतां भरली आहे. फक्त डावीकडून हांक मारली तर तो वळत नाहीं.