कॉलेजबाहेरचं वर्ष : ऑप्टोमेट्रीच्या विद्यार्थ्यांच्या पोस्टिंगचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, यात इतिहास कुठला? चष्म्याचा नंबर काढायला शिकणारी मुलं शेवटच्या वर्षी कॉलेज सोडून कुठल्या कुठल्या दवाखान्यांत जातात, शिबिरांत राबतात, एवढंच ना? पण एखाद्या व्यवसायाचा इतिहास नुसता कायद्यांत आणि पदवीदान समारंभांत शोधला, तर तो अर्धाच सापडतो. शिकाऊ माणसाला कुणाच्या दारात उभं केलं, त्याच्या हातात काय दिलं आणि काय दिलं नाही, हे बघितलं की उरलेला अर्धा दिसायला लागतो.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. डोळ्याची शस्त्रक्रिया करतो तो नेत्रतज्ज्ञ डॉक्टर. काच घासून फ्रेममध्ये बसवतो तो चष्मेवाला. या दोघांच्या मध्ये, नजर मोजणारा, नंबर काढणारा आणि डोळ्यात बिघाड दिसला तर वेळेत डॉक्टरांकडे धाडणारा प्रशिक्षित माणूस म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट. आपल्याकडे त्याच्या पदवीचं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. सरकारी मराठीत ‘आंतरवासिता’. मुलं मात्र सरळ ‘पोस्टिंग’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

आमचं म्हणणं असं आहे, की अमेरिकेत कायदा आधी रुंदावला आणि त्यामागोमाग विद्यार्थी कॉलेजबाहेर पडला. भारतात विद्यार्थी आधी बाहेर पडला, गरजेपोटी. कायदा त्याच्यामागून कितीतरी उशिरा आला. या उलट क्रमाची किंमत कोणी मोजली, हा आजचा प्रश्न.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८९२ साली न्यू यॉर्कमध्ये चार्ल्स प्रेंटिस नावाच्या चष्मेतज्ज्ञाने डोळे तपासण्याचे तीन डॉलर घेतले. हेन्री नॉयस या नामांकित नेत्रवैद्यांनी हरकत घेतली : डॉक्टर नसताना फी कसली घेता? या वादातून कायद्याची चळवळ उभी राहिली. १९०१ मध्ये मिनेसोटा राज्याने ऑप्टोमेट्रीचा पहिला कायदा केला. १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाने अभ्यासक्रम सुरू केला. पण पुढची कितीतरी वर्षं विद्यार्थी शिकायचा तो मुख्यतः कॉलेजच्याच दवाखान्यात. तिथे कोण यायचं? बहुतेक करून तरुण, धडधाकट, नंबर लागलेली माणसं.

१९६८ च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळापाशी या व्यवसायातली काही मंडळी जमली. नुसत्या चष्म्यापुरतं राहायचं नाही, डोळ्यांच्या आजारातही हात घालायचा, असं तिथे ठरलं. १९७१ मध्ये ऱ्होड आयलंडने तपासणीचे थेंब वापरायची मुभा दिली, १९७६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने उपचाराच्या औषधांची. आता अडचण बघा. कायद्याने आजार बघायचा अधिकार दिला, पण कॉलेजच्या दवाखान्यात आजारी डोळे पुरेसे येणार कुठून? मग विद्यार्थी निघाला माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, जिथे मधुमेहाने पडदा खराब झालेले, काचबिंदू झालेले म्हातारे सैनिक रोज येत. निघाला वस्त्यांतल्या आरोग्य केंद्रांत आणि मूळ रहिवाशांच्या दवाखान्यांत. आजार जिथे आहे तिथे शिकायला जायचं, हे तिथल्या पोस्टिंगचं सूत्र.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे आजाराची वाण कधीच नव्हती. पंजाबातल्या मोग्याचे डॉ. मथुरादास, अलीगढचे डॉ. मोहनलाल यांच्यासारख्यांनी मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव नेली. शाळा, धर्मशाळा, तंबू, मिळेल ती जागा. त्या काळच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकत आणि त्याच्या जागी आत काहीच बसवत नसत. मग रुग्णाला जाड काचांचा चष्मा लागे. शिबिरात तो सरसकट अधिक दहाचा मिळे. प्रत्येक डोळा वेगळा, चष्मा मात्र सगळ्यांना एकच! नंबर मोजायला माणूसच नव्हता.

हा माणूस घडवण्यासाठी १९५८ मध्ये अलीगढचं गांधी नेत्र रुग्णालय आणि हैदराबादचं सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालय इथे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम सुरू झाले. ही शाळा रुग्णालयातच जन्मली, हे लक्षात घ्या. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला. अंधत्वाचं प्रमाण १.४ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचं उद्दिष्ट होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेत्रसहायक नेमायचं ठरलं. त्याच वर्षी मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय उभं केलं. पुढे १९८५ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालयाशी जोडलेली एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री निघाली, बिट्स पिलानीच्या सहकार्याने, चार वर्षांच्या पदवीसह. म्हणजे पदवीचा विद्यार्थी तयार होऊ लागला. त्याला नेमकं काम काय, हे मात्र पुढच्या दोन घटनांनी ठरवलं.

पहिली घटना दुःखद आहे. १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथे नेत्रशिबिर झालं. मोतीबिंदूच्या ८८ शस्त्रक्रियांपैकी ८४ जणांचा शस्त्रक्रिया झालेला डोळा जंतुसंसर्गाने कायमचा गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, १९८९ मध्ये निकाल लागला. तंबू लगेच उठले असं नाही. पण १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत, त्यात आपला महाराष्ट्रही आला, मोतीबिंदू प्रकल्प सुरू झाला. रुग्णालयातच शस्त्रक्रिया करण्यावर त्यात भर होता. सुरी गावातून रुग्णालयात परत गेली. गावात उरली ती तपासणी. आणि तपासणी कोण करणार? नेत्रसहायक, आणि पोस्टिंगवरची मुलं.

दुसरी घटना भिंगाची. कृत्रिम भिंग डोळ्यात बसवण्याचा पहिला प्रयोग हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ मध्ये केला होता. पण ते गरिबाच्या आवाक्यात यायला मदुराईचं ऑरोलॅब १९९२ मध्ये निघावं लागलं. आता सरसकट अधिक दहा चालेना. प्रत्येक डोळ्याच्या बुबुळाची गोलाई आणि डोळ्याची लांबी मोजून भिंगाची ताकद ठरवायची. लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली, तर भिंग साधारण अडीच ते तीन नंबरांनी चुकतं. आणि ते चष्म्यासारखं काढून बदलता येत नाही. या मोजमापाच्या खोलीत उभं केलेलं पोरगं एकवीस-बावीस वर्षांचं असतं. डॉक्टरच्या हाताइतकंच रुग्णाच्या दृष्टीचं नशीब त्याच्याही हातात असतं.

मग हे वर्ष जातं कसं? काही आठवडे मूळ रुग्णालयाच्या ओपीडीत, काही मोजमापाच्या खोलीत, काही मुलांच्या आणि तिरळेपणाच्या विभागात, काही अंधुक दृष्टीच्या दवाखान्यात, काही चष्म्याच्या दुकानात, काही तालुक्याच्या गावी दृष्टिकेंद्रात. शिबिराच्या दिवशी पहाटेच जीप निघते. मागे ट्रायल सेटची पेटी, तक्ते, टॉर्च. शाळेच्या वर्गात बाकं हलवून सहा मीटर मोजायचे, खिडक्यांवर चादरी लावून अंधार करायचा. स्वतःचा रेटिनोस्कोप मात्र प्रत्येकाच्या खिशात. १८७३ मध्ये क्युइन्ये या फ्रेंच नेत्रवैद्याने दाखवलेली ही युक्ती आजही तशीच चालते : डोळ्यात उजेडाची तिरीप फिरवायची आणि बाहुलीतल्या सावलीची चाल बघून नंबर ओळखायचा. रुग्णाने एक शब्दही बोलावा लागत नाही. तान्ह्या बाळाचा नंबर याच्यानेच निघतो.

पण बाकीच्या तपासणीला भाषा लागतेच. निरक्षर माणसासमोर इंग्रजी ‘ई’ अक्षराचा तक्ता धरतात आणि विचारतात, बोटं कुठल्या बाजूला? मुंबई-पुण्याचं पोरगं मदुराईत गेलं तर त्याला तमिळमध्ये, मेळघाटात गेलं तर कोरकूत, वर, खाली, डावं, उजवं हे चार शब्द आधी शिकावे लागतात. जवळची नजर बघायला छापील मजकूर कामाचा नाही. सुईत दोरा ओवता येतो का, तांदळातले खडे दिसतात का, हे विचारावं लागतं. आपल्या भाषेने या चष्म्याला ‘चाळिशी’ असं वयाचंच नाव देऊन ठेवलंय. अभ्यासक्रमात हे एक छोटं प्रकरण. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आसामच्या चहामळ्यांतल्या अभ्यासात, चाळिशी मिळालेल्या मजुरांची पानं खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. साधा चष्मा म्हणजे थेट रोजगार, हे ओपीडीच्या खुर्चीत बसून कळत नाही.

इथवर सगळं छान वाटतं. आता अवघड भाग. दुपारी रांग शंभराच्या पुढे गेली, की विद्यार्थी शिकत असतो की नुसता राबत असतो? त्याने काढलेला नंबर कोणी पुन्हा तपासतं का? लहान मुलाचा ‘आळशी डोळा’ सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर सुधारण्याची आशा मोठी. नंतर ती झपाट्याने कमी होते. घाईत तो निसटला, तर नुकसान त्या मुलाचं, पण शिकवण विद्यार्थ्याच्याही पदरात पडत नाही, कारण चूक झाली हे त्याला कधी कळतच नाही. ‘पुष्कळ रुग्ण बघितले म्हणजे शिकलो’ हा समज इथे फसवा ठरतो. हात बसतो हे खरं, पण चुकीचा हातही तितकाच पक्का बसतो.

यावर लगाम घालायला कायदा लागतो, आणि तो आपल्याकडे २०२१ मध्ये आला : सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा. त्याच्या यादीत ऑप्टोमेट्रिस्टला स्वतःची जागा मिळाली. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ ठरायला किमान ३६०० तासांचं शिक्षण हवं, असं तो म्हणतो. अलीगढ-हैदराबादच्या पहिल्या वर्गांपासून मोजलं तर मध्ये ६३ वर्षं गेली. इतक्या काळात किती मुलांनी शिबिरं सांभाळली आणि ‘चष्म्याच्या नंबरवाला’ या एवढ्याच ओळखीवर गावातून परतली! देशातली सेवा त्यांच्या खांद्यावर उभी राहिली, ओळख मात्र मागे राहिली. उलट क्रमाची किंमत म्हणतो ती ही. त्यांनी मोजली, आणि ज्यांचे नंबर कोणी पुन्हा तपासले नाहीत त्या रुग्णांनीही मोजली.

म्हणून तास मोजून थांबू नका, असं आम्ही म्हणतो. लॉगबुकमध्ये ‘शंभर रुग्ण’ लिहिलेलं असेल, तर पुढचा प्रश्न विचारा : त्यातले किती कुणा जाणत्याने परत बघितले? ज्यांना डॉक्टरांकडे धाडलं ते पोहोचले का? विद्यार्थ्याला राहायला नीट जागा आणि थोडंफार विद्यावेतन मिळालं का? पालक असाल तर कॉलेजला विचारा, रुग्ण असाल तर शिबिरात विचारा. तपासणारी मुलगी शिकाऊ आहे म्हणून उठून जाऊ नका. तिच्या मागे कोण उभं आहे, तेवढं मात्र जरूर बघा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.