पोह्यांवरची शेव

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या मुलीचा बारावीचा निकाल लागला आणि त्या आनंदात ती आम्हां सगळ्यांना देवासच्या ए. बी. रोडवरील एका पिझ्झाच्या दुकानात घेऊन गेली. पैसे अर्थात माझेच. गल्ल्यावरचा मुलगा विचारू लागला, ‘ऊपर क्या-क्या डालना है?’ मुलीला मका आणि पनीर हवे, काळी ऑलिव्हची चकती मुळीच नको. मुलाला हिरव्या मिरच्या. सौभाग्यवतीला कांदा आणि ढोबळी मिरची. शेजारच्या टेबलावर जैन कुटुंब होते, त्यांचा कांदा-लसणाविना वेगळा. एका गोल भाकरीवरून एवढी मतभिन्नता मी शिक्षकांच्या बैठकीतही पाहिलेली नाही.

ऐंशी ओलांडलेली माझी आई हे सगळे शांतपणे पाहत होती. पिझ्झा पुढ्यात आल्यावर तिने तो नीट न्याहाळला आणि विचारले, ‘‘यावर शेव नाही का घालत?’’

सगळे हसले. मी मात्र चकित झालो. कारण या बाईने आमच्या धारच्या घरात कित्येक वर्षे पोह्यांवर शेव पडू दिली नव्हती.

आई रत्नागिरीकडची. साठीच्या दशकात लग्न होऊन धारला आली. तिच्या लेखी पोहे म्हणजे मोहरी-हिंगाची फोडणी, कांदा, चार शेंगदाणे आणि वरून ओले खोबरे व कोथिंबीर. माळव्यात नारळ पिकत नाही. धारला त्या काळी रेल्वे नव्हती. इंदूरहून येणारे कोणी असले, की त्याला नारळ आणायला सांगायचे. फोडलेला नारळ ती दोन-तीन दिवस पुरवून वापरी. पण खोबऱ्याविना पोहे केले नाहीत. बाजारात मिळत ते ‘त्यांचे पोहे’ आणि घरी होत ते ‘आपले पोहे’. मधली सीमा कडेकोट होती.

ती सीमा पहिल्यांदा ओलांडली आमच्या वडिलांनी. रविवारी भाजी आणण्याच्या निमित्ताने ते मला बरोबर घेत आणि बाजारात पोह्यांच्या गाडीपाशी थांबत. हे पोहे कढईत परतलेले नसत. भिजवलेल्या पोह्यांना हळद, मीठ, साखर आणि बडीशेप लावून ते मोठ्या पातेल्यात भरलेले, आणि ते पातेले उकळत्या पाण्यावर ठेवलेले. वाफेवर ते तासन् तास मऊ राहत. द्रोणात घातले, की गाडीवाला वर मूठभर शेव टाकी, मग कच्चा कांदा, लिंबू, आणि शेवटी जिरावण. हा शब्द सीमाभागातल्या वाचकांना कदाचित नवा असेल. भाजलेले जिरे, धने, बडीशेप, सुंठ, लवंग, आमचूर, काळे मीठ, हिंग यांची ती बारीक पूड. माळव्यात ती पोह्यांवरच काय, काकडी-पेरूवरही पडते. वडिलांना शेव दुप्पट लागे, कांदा नको. मला कांदा हवा आणि लिंबू जास्त. गाडीवाल्याला प्रत्येकाची आवड पाठ असे. विचारावे लागत नसे. खाऊन झाले, की वडील रुमालाने माझे तोंड पुसत आणि म्हणत, ‘‘घरी सांगू नकोस.’’

आता इतिहासाकडे वळतो, कारण संपादकांनी माझ्याकडून इतिहासाचा लेख मागितला आहे, न्याहारीचा नव्हे.

माळव्यात सर्रास सांगितले जाते, की पोहे इकडे मराठ्यांनी आणले. होळकर आणि शिंदे यांची नावे त्यात घेतली जातात. धार-देवासकर म्हणून माझी पहिली हरकत ही, की पवारांचे नाव कोणी घेत नाही! २९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारजवळच्या अमझेऱ्याला चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. तो तिथेच पडला. त्या मोहिमेत उदाजी पवार होते. पुढे पवारांची एक शाखा धारला रुजली. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी देवासला बस्तान बसवले आणि त्यातून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदू लागली. धारच्या किल्ल्यात तर १७७५ साली आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला. त्यांच्या डोहाळजेवणाला पोहे होते, असेही उद्या कोणी छापील, आणि ते खरे मानले जाईल.

विनोद सोडा. इंदूरमध्ये दुसरी एक कथा सांगतात: स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातून आलेल्या एका गृहस्थांनी उपाहारगृह काढले आणि पोहे विकायला सुरुवात केली. एक कथा अठराव्या शतकातली, दुसरी विसाव्या. खरी कोणती? मला वाटते, दोहोंत भांडण लावण्याचे कारण नाही. घरातले पोहे वेगळे आणि दुकानातले वेगळे. फौजांबरोबर कारकून आले, भिक्षुक आले, त्यांची कुटुंबे आली, आणि त्यांच्या चुलीवर ते खात असतील तेच शिजत राहिले. दुकानात विकायचा पदार्थ व्हायला मात्र सकाळी कामावर जाणारी गर्दी लागते, गिरण्या लागतात, बसथांबे लागतात. ते सगळे फार नंतरचे.

मुळात माळवा हा गहू, ज्वारी आणि हरभऱ्याचा मुलूख. काळ्या जमिनीत भात फारसा होत नाही. तरी मराठी घरांचे भाताचे वेड सुटले नाही. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१२–१३ साली देवासला येऊन गेला आणि १९२१ साली थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला. त्याची देवासची पत्रे पुढे १९५३ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत दरबारी ताटाचे वर्णन आहे, आणि त्या ताटात भाताचे एकाहून अधिक ढीग आहेत. गव्हाच्या देशात दोनशे वर्षे काढूनही!

पण पोहे मराठ्यांच्या आधी इकडे कोणाला ठाऊकच नव्हते, हे मला पटत नाही. सुदाम्याने कृष्णाला नेले ते पोहेच. भागवतात त्यांना पृथुक म्हटले आहे. आणि ते दोघे ज्या सांदीपनींच्या आश्रमात शिकले, तो परंपरेने उज्जैनचा. देवासहून तासाभराची वाट. पुराणातली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. पण शब्द जुना आहे आणि पदार्थही जुना आहे, एवढे तरी त्यावरून मानावे लागते.

पिझ्झाचे तरी काय? नेपल्स शहरात सांगतात, की १८८९ साली राणी मार्गेरिता तिथे आली असता राफाएले एस्पोझितो नावाच्या कारागिराने टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीची हिरवी पाने घालून पिझ्झा केला आणि त्याला राणीचे नाव दिले. या कथेवर इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. पिझ्झा नेपल्सचे गोरगरीब त्याआधी कितीतरी वर्षे रस्त्यावर उभ्याउभ्या खात होते. गरिबाच्या खाण्याला प्रतिष्ठा द्यायची, तर राणी शोधावी लागते. आपण सरदार शोधले. शिवाय तो टोमॅटो मूळचा अमेरिकेचा, सोळाव्या शतकात युरोपात गेलेला. आपली मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांनी आणलेली.

तळाचा पदार्थ माणसे बरोबर घेऊन येतात. वर काय पडायचे ते ज्या गावी मुक्काम पडतो तिथली जमीन आणि बाजार ठरवतात. कोकणात नारळ, म्हणून खोबरे. नागपुरात हरभऱ्याची झणझणीत तर्री. माळव्यात हरभरा भरपूर, म्हणून बेसन, म्हणून शेव. तुमच्याकडे बेळगावच्या बाजूला शेजारीण पोह्यांना अवलक्की म्हणते आणि तिच्या हातचे तुमच्या मुलांना अधिक आवडत असतील, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सौभाग्यवती कोल्हापूरची. देवासच्या थोरल्या पातीत शाहू महाराजांच्या कन्या आक्कासाहेब दिल्या होत्या, आणि त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, शहाजी महाराज झाले. देवासने राजा दिला, त्याच्या बदल्यात मला बायको मिळाली, असे मी म्हणतो. तिला हा विनोद आवडत नाही. तिच्या मते शेव-फरसाणाची जागा मिसळीवर. म्हणजे आमच्या एका घरात देवाससारख्याच पात्या: थोरली खोबऱ्याची, धाकटी शेवेची, आणि मध्ये कोल्हापूरचे रेसिडेंट साहेब.

शेवेचे मला कधी वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते एका लहानशा गोष्टीचे. मुलगी सातवीत असताना शाळेतून आली आणि म्हणाली, ‘‘बाबा, आज मी पोहा खाल्ला.’’ हिंदीत पोहा एकवचनी आहे, त्यात चूक काही नाही. मराठीत पोहे कायम अनेकवचनी. एकटा पोहा म्हणजे ताटाबाहेर पडलेला एक दाणा. मी तिला तिथेच दुरुस्त केले, जरा जास्तच आवाज चढवून. ती रडली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, ‘‘ती मराठीत बोलतेय ना तुझ्याशी? मग?’’ मी गप्प बसलो. शाळेत इतरांच्या मुलांना सात-आठ तास हिंदीत शिकवून घरी येणाऱ्या माणसाने याउपर काय बोलावे?

वडील गेल्यानंतरच्या एका रविवारी आईने पोहे केले, खोबरे-कोथिंबीर घातली, आणि मग फडताळातून शेवेची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. ‘‘त्यांना आवडायची,’’ एवढेच म्हणाली. म्हणजे तिला सगळे माहीत होते. रुमालाला लागलेली हळद धुणाऱ्या बाईपासून लपत नसते.

मुलगी आता पुण्याला शिकते. तिथे पोहे मिळतात, अगदी आजीच्या पद्धतीचे, वर खोबरे घातलेले. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. आजीलाच बोलावले तिने. ‘‘आजी, इथले पोहे फिके लागतात गं. जिरावण पाठव ना. आणि शेव, बारीकवाली.’’

आईने मला बाजारात पिटाळले. अर्धा किलो शेव आणि जिरावणाची दोन पाकिटे आणली. तिने ती डब्यात भरली, वर कागद चिकटवला आणि थरथरत्या अक्षरात लिहिले: ‘पोह्यांसाठी’.