पाळीव शॅमेलिऑनमधील आजार

पाळीव शॅमेलिऑनमधील आजार या विषयात बंदिवासात ठेवलेल्या शॅमेलिऑन (मराठीत सरडगुहिरा किंवा घोयरा) या सरपटणाऱ्या प्राण्यांत आढळणारे विकार, त्यांची लक्षणे आणि त्यांवरील उपाय यांचा समावेश होतो. जगभर प्रामुख्याने तीन जाती पाळल्या जातात: येमेन व सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलिऑन, मादागास्करमधील पँथर शॅमेलिऑन आणि पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातील तीन शिंगांचा जॅक्सनचा शॅमेलिऑन. त्यांचे बरेचसे आजार चुकीचा प्रकाश, उष्णता, पाणी आणि आहार यांतून उद्भवतात. संसर्गही अनेकदा अशा दोषांनी प्रतिकारशक्ती खालावल्यावरच जोर धरतो. त्यामुळे पिंजऱ्यातील मूळ दोष दूर केल्याखेरीज केवळ औषधाने टिकाऊ गुण येत नाही.

आजाराची ओळख

शॅमेलिऑन हा भक्ष्य होणारा प्राणी असल्याने अशक्तपणा शक्य तितका लपवतो. फांदीवरून पडणे किंवा दिवसभर तळाशी बसून राहणे ही लक्षणे दिसेपर्यंत आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. म्हणून ठळक लक्षणांची वाट पाहण्यापेक्षा सवयींतील लहान बदल टिपणे अधिक उपयुक्त ठरते. आठवड्यातून एकदा ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या काट्यावर वजन करून नोंद ठेवल्यास, भूक मंदावल्याचे लक्षात येण्यापूर्वीच घट दिसू शकते.

दिवसा डोळे मिटून बसणे हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण होय. निरोगी शॅमेलिऑनचे शंकूसारखे डोळे जागेपणी सतत आणि परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरत असतात. डोळे खोल गेलेले दिसणे हे बहुधा पाण्याच्या कमतरतेचे चिन्ह असते. विष्ठेसोबत पडणारा यूरेटचा भाग पांढरा असावा. तो गडद पिवळा वा नारिंगी झाल्यास शरीरात पाणी कमी पडत आहे असे मानले जाते.

रंगाचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक असते. शॅमेलिऑन पार्श्वभूमीशी जुळण्यासाठीच रंग बदलतो, हा समज लोकप्रिय असला तरी अपुरा आहे. तापमान, भीती, प्रतिस्पर्धी आणि मादीची गर्भधारणा यांनुसारही रंग पालटतो. सकाळी ऊन घेताना अंग काळपट होणे स्वाभाविक असते. ऊब मिळाल्यावरही दिवसभर काळपट किंवा फिकट रंग कायम राहणे मात्र चिंतेचे असते.

प्रमुख विकार

चयापचयजन्य अस्थिविकार हा सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांपैकी एक असून तो मुलांमधील मुडदुसाशी मिळताजुळता आहे. त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण लागतात आणि त्या जीवनसत्त्वाशिवाय आहारातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही. रातकिड्यांसारख्या कीटकांत फॉस्फरस जास्त व कॅल्शियम कमी असल्याने त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावून ती उणीव भरून काढावी लागते. अन्यथा शरीर हाडांतील कॅल्शियम वापरू लागते. पाय वाकणे, जबडा मऊ पडणे, पकड सैल होणे, चालताना अंग थरथरणे आणि जीभ भक्ष्यापर्यंत न पोहोचणे ही त्याची लक्षणे आहेत. खिडकीची साधी काच यूव्हीबी किरण जवळपास पूर्णपणे अडवते, त्यामुळे काचेआडचे ऊन या कामी निरुपयोगी ठरते. यूव्हीबी दिव्याची तीव्रताही काही महिन्यांत घटते. दिवा पेटत असल्याने तो काम करतो आहे असे वाटत राहते आणि विकार नकळत वाढतो. वेळीच उपचार झाल्यास हाडे पुन्हा कठीण होतात, परंतु आलेला वाक सहसा जात नाही.

श्वसनमार्गाच्या संसर्गात प्राणी तोंड वर करून श्वास घेतो, शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतो आणि तोंडाशी फेस दिसतो. उष्णता जास्त झाल्यासही शॅमेलिऑन तोंड उघडतो. तो सावलीत गेल्यावरही तोंड उघडेच राहिल्यास संसर्गाची शक्यता धरली जाते. हवा न खेळणारा, सतत ओला व थंड पिंजरा हे त्याचे नेहमीचे कारण आहे.

मादीमध्ये अंडी अडकणे हा विकार जिवावर बेतू शकतो. व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी नराशिवायही निष्फळ अंडी घालते, ही बाब अनेक पालकांना ठाऊक नसते. अंडी घालण्यासाठी तिला बीळ खणता येईल इतकी खोल, ओलसर वाळू वा माती लागते. ती न मिळाल्यास मादी अंडी धरून ठेवते, अस्वस्थपणे फिरते, खाणे सोडते आणि पुढे निपचित पडते. अशा वेळी क्ष-किरण तपासणी करून औषधाने किंवा शस्त्रक्रियेने अंडी काढावी लागतात.

याखेरीज अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे डोळे सुजणे, तोंडातील व्रण, मूत्रपिंडे निकामी होऊन होणारा गाउट, आतड्यांतील परजीवी आणि दिव्याजवळ बसल्याने पाठीला किंवा डोक्यावरील तुऱ्याला होणारे भाजणे हे विकारही आढळतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू घट्ट, चक्क्यासारखा असल्याने गळू दाबून निचरत नाही. ते पशुवैद्यकाकडून कापून साफ करावे लागते.

उपचार

प्रथम तापमान, आर्द्रता, दिवे आणि पाणी यांची तपासणी केली जाते. शॅमेलिऑन भांड्यातील साचलेले पाणी सहसा पीत नाही. पानांवरील थेंब चाटतो. म्हणून तुषार फवारणे किंवा थेंब-थेंब पाणी सोडणे हे उपाय योजतात. अशक्त प्राण्याच्या तोंडात बळेच पाणी ओतणे धोक्याचे असते, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेलगत पुढच्या बाजूस असून पाणी फुप्फुसांत जाऊ शकते.

प्रतिजैविकांची मात्रा वजनानुसार ठरते आणि शरीर पुरेसे उबदार नसल्यास त्यांचा परिणाम मंदावतो. माणसांची किंवा कुत्र्या-मांजरांची औषधे अंदाजाने देणे घातक ठरू शकते. परजीवींच्या निदानासाठी ताजी विष्ठा सोबत नेल्यास तपासणी त्याच भेटीत होऊ शकते. आजारी प्राणी वारंवार हाताळल्याने त्याच्यावरील ताण वाढतो. त्याला झाकलेल्या, हवेशीर डब्यात फांदीसह नेणे योग्य समजले जाते.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रासह द्वीपकल्पात आढळणारा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. तो विषारी असल्याच्या निराधार समजुतीतून त्याला दगड मारले जातात, आणि संथ चालीमुळे तो रस्त्यावर वाहनांखालीही येतो. जखमी घोयरा आढळल्यास घरी उपचार न करता वनविभागाच्या ताब्यात द्यावा लागतो. परदेशी जातींचा व्यापार साइट्स कराराने नियंत्रित आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर या करारातील जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे.