प्रथिन-पृष्ठदर्शन

प्रथिन-पृष्ठदर्शन : प्रथिन-रेणूची बाह्य सीमा संगणकाच्या पडद्यावर दाखविण्याची व आवश्यकतेनुसार ती अंशतः किंवा पूर्णतः दृष्टीआड करण्याची पद्धती. रेणूचा कोणता भाग पाण्याच्या किंवा औषधाच्या संपर्कात येऊ शकतो, हे तीवरून कळते.

जॉन केंड्रू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिनाची संरचना प्रसिद्ध केली. त्या काळच्या तारांच्या प्रतिकृतींत बंध दिसत, पण बाह्यरूप कळत नसे. उलट भरीव गोलांच्या प्रतिकृतींत बाह्यरूप कळे, पण अंतर्भाग झाकला जाई. ही अडचण दूर होण्यासाठी प्रथम पृष्ठाची निश्चित व्याख्या होणे आवश्यक होते. बी. ली व फ्रेडरिक रिचर्ड्‌स यांनी १९७१ मध्ये ती दिली. पाण्याच्या रेणूऐवजी सु. १·४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोल प्रथिनावरून सर्वत्र फिरविल्यास त्याचा मध्य जे पृष्ठ आखतो, ते ‘विद्रावकास गम्य पृष्ठ’ होय. १९७७ मध्ये रिचर्ड्‌स यांनी या गोलाच्या स्पर्शाने व खाचांवरील त्याच्या अंतर्वक्र भागाने बनणारे ‘रेण्वीय पृष्ठ’ कल्पिले. मायकेल कॉनली यांनी १९८३ मध्ये त्याच्या गणनाची रीत प्रसिद्ध केली.

रॉबर्ट लँग्रिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये वर्णन केलेल्या चित्रणात पृष्ठ रंगीत ठिपक्यांनी दाखविलेले असून त्यांच्या फटींतून आतील बंधही दिसत. भरीव पृष्ठे काढणे पुढे सुलभ झाल्यावर पारदर्शकता व छेदप्रतल यांचा वापर रूढ झाला.

पृष्ठ लपविणे व अणू गणनातून वगळणे यांत मूलभूत फरक आहे. एचआयव्ही विषाणूचे प्रोटिएज हे एंझाइम प्रत्येकी ९९ ॲमिनो अम्लांच्या दोन समान शृंखलांचे बनलेले असून त्याचे क्रियास्थान त्या दोहोंच्या संधीवर असते. एका शृंखलेचे पृष्ठ केवळ लपविल्यास दुसरीचे पृष्ठ संधीपाशी उघडे राहते; तीच शृंखला गणनातून वगळल्यास संधीवरही नवे पृष्ठ तयार होते आणि एरवी झाकलेला भाग बाह्य भासतो. तसेच क्रियास्थानातील औषधाचे अणू गणनात धरल्यास पोकळी भरलेली दिसते व औषधासाठी जागाच नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून पृष्ठचित्राचा अर्थ लावताना त्याच्या गणनात कोणते अणू धरले होते, हे ज्ञात असणे अत्यावश्यक ठरते.